जिप्सीतून दिसणारं जंगल आणि मोहाखालचं जंगल : एक प्रकरण अभ्यास

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, एका गावात वन्यजीव छायाचित्रांच्या साठ्यातून, एआयच्या मदतीने, आत शिरून फिरता येईल असं आभासी जंगल उभं करण्याचं काम झालं. त्याची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं आहे, एवढंच सांगतो. नाव का टाळलं ते पुढे ओघात येईलच. असं काही करू पाहणाऱ्या शाळा, ग्रामपंचायती आणि इको-डेव्हलपमेंट समित्या विदर्भात बऱ्याच आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून काय घडलं ते सविस्तर लिहितो आहे.

मागणी कुठून आली

गावाच्या शेवटच्या बांध्या ओलांडल्या की जंगल सुरू होतं. सफारीला पुण्या-मुंबईहून माणसं येतात, पण गावातल्या बहुतेक मुलांनी जिप्सीत बसून वाघ पाहिलेला नाही. तेवढा खर्च घरच्यांना झेपत नाही. मुलांना वाघ माहीत आहे तो चिखलातल्या पंजावरून, मारलेल्या गोऱ्ह्यावरून आणि रात्री एकाएकी गप्प झालेल्या कुत्र्यांवरून. जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंची इच्छा होती की हे जंगल मुलांना वर्गात बसून नीट बघता यावं, झाडं ओळखता यावीत, आवाज कळावेत.

गाईड मंडळींचं म्हणणं वेगळं होतं. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या दिवसांत गावातल्या माहिती केंद्रात पर्यटकांना दाखवता येईल, त्यातून चार पैसे येतील, असं काही त्यांना हवं होतं. त्यात वाघ पाहिजे, जवळून पाहिजे, हलता पाहिजे.

तिसरी मागणी महिला बचत गटाकडून आली, आणि ती सगळ्यांत उशिरा ऐकली गेली. मार्चपासून एप्रिलपर्यंत मोहफुलं पहाटे गळतात. ऊन चढण्याआधी आणि चितळ, सांबर, अस्वलं खाऊन टाकण्याआधी ती वेचावी लागतात. म्हणजे जी वेळ फुलांची तीच तृणभक्ष्यांची, आणि त्यांच्या मागावरच्या वाघाचीही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचं तसंच. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांची बातमी या दोन हंगामांत येत नाही असं वर्ष आठवत नाही. बायकांना विचारायचं होतं ते इतकंच : हे यंत्र आम्हाला आमच्या मोहाखाली काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगेल का?

चंद्रपूरच्या एका हौशी छायाचित्रकाराने या भागात अनेक वर्षं काढलेल्या फोटोंची पूर्ण हार्डडिस्क गावाला देऊ केली आणि काम सुरू झालं.

हार्डडिस्कमध्ये काय होतं

फोटो अप्रतिम होते. पाण्यात बसलेली वाघीण, मोहाच्या बुंध्याशी अस्वल, धुळीत लोळणारी रानकुत्री, सकाळच्या तिरप्या उन्हातला गवा. सगळ्यांना वाटलं, एवढा साठा आहे म्हणजे जंगल उभं राहायला वेळ लागायचा नाही. प्रत्यक्षात जागा उभी करायला यातला फारच थोडा साठा कामाचा निघाला. याचं कारण या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे.

फोटोंवरून त्रिमिती जागा तयार करण्याची मूळ पद्धत अशी. एकाच स्थिर वस्तूचे निरनिराळ्या जागांवरून फोटो काढायचे, शेजारच्या दोन फोटोंत साधारण ६० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवायचा. मग संगणक दोन्ही फोटोंत दिसणाऱ्या खुणा जुळवतो, म्हणजे सालीवरची गाठ, दगडाचा कोपरा, तुटकी फांदी. त्या किती सरकल्या यावरून कॅमेरा कुठे होता आणि वस्तू किती लांब होती याचं गणित मांडतो. कोलमॅप नावाची मोफत आज्ञावली हे काम चोख करते. त्यापुढची पायरी म्हणजे २०२० मध्ये बर्कली आणि गूगलच्या संशोधकांनी मांडलेली नर्फ पद्धत, जिच्यात न्यूरल नेटवर्क फोटोंवरून दृश्य शिकतं, आणि २०२३ मध्ये फ्रान्सच्या इनरिया संस्थेतल्या संशोधकांनी जर्मनीतल्या सहकाऱ्यांबरोबर मांडलेली गॉसियन स्प्लॅटिंग. दुसरीत सगळं दृश्य लाखो छोट्या, अर्धवट पारदर्शक, रंगीत कापसाच्या बोळ्यांचं बनलेलं असतं. प्रत्येक बोळ्याची जागा, आकार, रंग, दाटपणा संगणक फोटोंवरून शिकतो. ही पद्धत वेगवान आहे, साध्या संगणकाच्या ब्राउझरमध्येही चालते आणि पानं-गवत यांसारख्या विस्कळीत गोष्टी जुन्या जाळीदार मॉडेलपेक्षा कितीतरी बऱ्या दाखवते.

आता वन्यजीव छायाचित्र कसं काढतात ते पाहा. जिप्सी रस्त्यावर एका जागी उभी. लेन्स ६०० मिलिमीटरची, तिचा दृश्यकोन जेमतेम ४ अंश. मागचं रान मुद्दाम पुसट केलेलं, कारण चांगल्या फोटोचं तेच लक्षण. वाघ हलतो आहे, जिप्सी हलत नाही. एका जागेवरून झटपट काढलेल्या पन्नास फोटोंना खोलीच्या, म्हणजे अंतराच्या, हिशेबात एका फोटोचीच किंमत. ज्या गुणांसाठी तो फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवतो, त्याच गुणांमुळे त्यातून जागेचा पत्ता नाहीसा झालेला असतो. छायाचित्रकाराचा यात काही दोष नाही. त्याने प्राणी टिपायचा होता, त्याने तो टिपला.

साठ्यात कामाचे निघाले ते वेगळेच फोटो : वाघ निघून गेल्यावर मोकळ्या रस्त्याचे, कॅमेऱ्याची सेटिंग तपासताना काढलेले, सोबत्याने मोबाईलवर बफरमध्ये घेतलेले. छायाचित्रकार म्हणाले, हे मी पुसूनच टाकणार होतो. ज्यांच्याकडे असे साठे आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे फोटो पुसू नका.

पहिली आवृत्ती

गावातलाच, चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा या कामात होता. हुशार आणि चिकाटीचा. त्याने उरलेली पोकळी चित्रं बनवणाऱ्या एआयकडून भरून घेतली. जिथे फोटो नाही तिथे यंत्राने रान रचलं. वाघाच्या एका फोटोवरून हलणारा वाघ बनवला. दिसायला ते काम झकास होतं आणि शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग मोठी माणसं बोलायला लागली. एका म्हाताऱ्या गुराख्याने पहिलाच प्रश्न केला, "हे कोनतं रान होय जी?" ताडोबा म्हणजे शुष्क पानझडी जंगल. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिजा आणि जागोजाग बांबू. मार्च-एप्रिलमध्ये साग उघडा पडतो, खाली वाळल्या पानांचा थर साचतो आणि त्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. यंत्राने मात्र जिथे जागा मिळेल तिथे हिरवेगार नेचे, जाड वेली, ओलं शेवाळ घातलं होतं. त्याने जगभरच्या ज्या चित्रांवरून शिक्षण घेतलं त्यांत जंगल म्हटलं की हेच जास्त असतं. आपल्या उन्हाळ्यातलं करडं रान त्याला जंगलच वाटत नाही.

वाघाबद्दल गाईडांनी जे दाखवून दिलं ते आणखी महत्त्वाचं आहे. मूळ फोटोत वाघीण उजव्या कुशीवरून दिसत होती. यंत्राने डावी बाजू बनवताना उजवीचेच पट्टे उलटे करून लावले होते. वाघाचे दोन्ही बाजूंचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणूनच व्याघ्रगणनेत वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांत वाघांचे ७६,६५१ फोटो आले. ती सगळी ओळखपरेड पट्ट्यांवर उभी आहे. गाईड म्हणाला, "तोंड आपल्या वाघिनीचं आहे, आंग दुसऱ्याचंच आहे. असा वाघ या रानात नाई." पर्यटकाला हे कळलं नसतं. पण हे दृश्य उद्या कुणी खरं समजून पुढे पाठवलं तर नसलेला वाघ नोंदीत शिरतो.

प्राण्यांची त्रिमिती मॉडेलं बनवणं मुळातच किती अवघड आहे, हे सांगायला एक गोष्ट पुरे. २०१७ मध्ये चार पायांच्या प्राण्यांचं स्माल नावाचं मॉडेल तयार झालं, आजही अनेक कामांचा पाया तेच आहे. जिवंत वाघ-सिंहांना स्कॅनरसमोर उभं करता येत नाही, म्हणून संशोधकांनी ४१ खेळण्यांचे स्कॅन घेऊन ते शिकवलं. यात मला काही कमीपणा वाटत नाही, त्यांनी उपाय शोधला. फक्त आपल्या समोर हलणाऱ्या वाघात किती भाग पाहिलेला आणि किती अंदाजाचा, हे दाखवणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

नजरेची उंची

या प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिली आवृत्ती बघायला बचत गटाच्या बायका आल्या. पडद्यावर मोहाचं झाड होतं, आणि हे झाड खऱ्या फोटोंवरून केलेलं होतं, यंत्राने रचलेलं नव्हे. चहूकडे लांबवर दिसत होतं. एक वयस्क बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतून तं वाघ दिसलाच पायजे बाप्पा. पन आमाले कुटं दिसते? आमी तं फुलं वेचतानी खाली वाकून रायतो."

फोटो जिप्सीतून काढलेले होते. जिप्सीच्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून सहा-सात फुटांवर असते. उभ्या बाईची पाच फुटांच्या आत-बाहेर. फुलं वेचायला उकिडवं बसलं की ती दोन-अडीच फुटांवर येते. वाघ खांद्यापाशी साधारण तीन फूट उंच. रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं, बांबूची खुंटं, उभं वाळलेलं गवत हे सगळं याच दोन ते चार फुटांच्या पट्ट्यात असतं. जिप्सीतून या पट्ट्यावरून नजर जाते. मोहाखाली बसलेल्या बाईच्या नजरेपुढे मात्र त्याचीच भिंत उभी असते. शिवाय वाकलेलं, बसलेलं माणूस माणसासारखं दिसत नाही, चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. म्हणूनच वनविभागाची माणसं गटाने जा, कुणीतरी उभं राहा, असं परत परत सांगतात.

आम्ही त्याच मॉडेलमध्ये नजर अडीच फुटांवर आणून पाहिली. चित्र विरघळलं. झुडपांच्या जागी धुरकट, तरंगते ठिपके. गॉसियन स्प्लॅटिंगचा हा ठरलेला स्वभाव आहे : कॅमेरा जिथून गेलाच नाही तिथून बघायला गेलं की ते कोसळतं. इथे दोनच मार्ग होते. एक, एआयला सांगायचं की तू कल्पनेने भर. पडद्यावर तेही छान दिसलं असतं. पण बाई ज्या झुडपामागे वाघ असेल का म्हणून विचारते आहे, ते झुडूपच यंत्राने कल्पून तिला दाखवायचं, हे मला कोणत्याही अंगाने पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसरा मार्ग, परत जाऊन त्या उंचीवरून फोटो काढायचे. बैठकीत यावर चर्चा लांबली, कारण दुसऱ्या मार्गात वेळ, परवानगी आणि जोखीम होती. शेवटी बायकांनीच ठरवलं.

पुन्हा फोटो

परिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घेतली. ड्रोन नको, असं आधीच ठरलं होतं. गावालगतचा, बायकांच्या रोजच्या वहिवाटीतला मोहाचा एक पट्टा निवडला. सोबत गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची, म्हणजे पीआरटीची पोरं होती. फोटो काढणारे वाकलेले असताना दोघं पाठीला पाठ लावून उभे.

मोठा कॅमेरा वापरलाच नाही, साधे मोबाईल पुरले. मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सचा दृश्यकोन ८० अंशांच्या आसपास असतो, जागा टिपायला तोच बरा. प्रत्येक झाडाभोवती तीन फेऱ्या : उभ्याने, वाकून, उकिडवं बसून. एकेक पाऊल टाकून एकेक फोटो. उजेडाची आणि रंगाची सेटिंग कुलूपबंद, नाहीतर दर फोटोत मोबाईल आपलं डोकं चालवतो आणि जुळणी बिघडते. व्हिडिओतून फ्रेम काढण्यापेक्षा थांबून काढलेले फोटो सरस ठरले, कारण चालताना फ्रेम अस्पष्ट येतात.

अडचण उजेडाची होती. अशा कामाला आभाळ भरून आलेलं असलं की उत्तम, सावल्या पडत नाहीत. पण विदर्भातल्या एप्रिलात ढगाची वाट बघत बसता येत नाही. ऊन चढलं की सावल्या इतक्या काळ्या पडतात आणि इतक्या भराभर सरकतात की संगणक सावलीलाच वस्तू समजतो. उजाडल्यापासून ऊन जमिनीला टेकेपर्यंतचा थोडा वेळ तेवढा हाती लागतो. त्या वेळी वारा नसतो, पानं हलत नाहीत. सगळं काम त्या वेळात, थोडं थोडं करून झालं.

आणखी एक बारकावा. नुसत्या फोटोंवरून बनलेल्या मॉडेलला मोजमाप नसतं. झाड दहा फुटांचं की शंभर, हे संगणकाला कळत नाही. आम्हाला तर उंचीच महत्त्वाची होती. म्हणून बायकांच्या हातातलीच एक काठी फुटपट्टीने नीट पाच फुटांवर कापून जागोजाग उभी केली आणि तिच्यावरून सगळं माप बसवलं. फोटोंत ती काठी दिसते. ती आम्ही पुसली नाही.

मॉडेलच्या आकडेमोडीला लागणारा ताकदवान संगणक गावात नव्हता. फोटो पेनड्राइव्हवर चंद्रपूरला नेले, तिथे मॉडेल झालं, आकुंचन करून ते शाळेच्या लॅपटॉपवर आणलं. इंटरनेटवर काहीही ठेवलेलं नाही. नेटवर्कचा भरवसा नव्हता हे एक कारण. दुसरं कारण पुढे सांगतो.

जिथे एकही फोटो नीट आला नाही ते भाग करडे ठेवले. पडद्यावर फिरता फिरता करडा डाग आला की समजायचं, इथलं आपल्याला माहीत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलाला सुरुवातीला हे अपुरं वाटलं. बायकांना अजिबात वाटलं नाही. रानात अशा जागा असतातच, असं त्यांचं म्हणणं.

आवाज

मुलांसाठी प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांचा खेळ केला. चितळाची तीक्ष्ण हाक, वानराची खॅक-खॅक, सांबराचा जड भोंग्यासारखा आवाज, भेकराचं भुंकणं. पडद्यापाशी दोन स्पीकर डावी-उजवीकडे ठेवले. आवाज आला की मुलाने ठरवायचं : कोणाचा, कुठून, आणि आता आपण काय करायचं.

इथे गुराख्याने मोठी सुधारणा सुचवली. पहिल्या रचनेत दर वेळी हाक आणि मग वाघ, असा क्रम होता. तो म्हणाला, "चितळ कुत्र्यालेबी वरडते, बिबट्यालेबी वरडते, आपल्यालेबी वरडते. आन वाघ असला तं दर वेळी माकड सांगतेच असं नाई." हे अगदी खरं आहे. हाकेचा अर्थ धोका दिसला इतकाच असतो, आणि वाऱ्याची दिशा उलटी असेल, वाघ झोपलेला असेल तर हाक येतही नाही. म्हणून खेळात हाक असून वाघ नाही अशा फेऱ्या घातल्या, आणि काहीही आवाज नसताना झुडपात वाघ आहे अशाही. शाळेतल्या बाईंना काळजी होती की मुलं भेदरतील. त्यावर तोडगा असा निघाला की वाघ कधीही अंगावर येत नाही. फेरी संपली की फक्त तो कुठे होता ते दाखवायचं, आणि दाखवायचं ते मूळ छायाचित्र.

प्राण्यांबाबतचा निर्णय असा झाला : जागा फोटोंवरून उभारलेली, प्राणी मात्र फोटोच. आभासी जंगलात एकही बनवलेला प्राणी हिंडत नाही. प्रश्न सुटला की छायाचित्रकाराचा मूळ फोटो, पट्ट्यांना हात न लावता, पडद्यावर येतो. अंधारातल्या फोटोंची खरखर कमी करायला एआय वापरलं. लहान फोटो मोठा करताना नवे बारकावे घालणारी साधनं प्राण्यांवर वापरली नाहीत. ६०० मिलिमीटरच्या त्या फोटोंना इथे त्यांचं मोल परत मिळालं. जागा सांगता येत नसली तरी झुडपातून रोखलेले डोळे ते जसे दाखवतात तसं दुसरं काही दाखवू शकत नाही.

ठिकाण लपवण्याचा प्रश्न

फोटोच्या फाईलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते, तारीख, वेळ आणि मोबाईल असेल तर जीपीएसची जागाही. ती पुसायची हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. त्रिमिती मॉडेलची गोष्ट मात्र वेगळी. एक्झिफ पुसलं तरी मॉडेल स्वतःच नकाशा असतो. टेकडीचा आकार, नाल्याचं वळण, पाणवठ्याकाठचा वाकडा अर्जुन, एवढ्यावरून माहीतगार माणूस जागा शोधतो. २०१३ मध्ये मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीच्या तपासात बाहेरून आलेल्या टोळ्यांचं जाळं उघडकीला आलं होतं. ही भीती विदर्भाला नवी नाही.

म्हणून पाणवठे, गुहा आणि पिल्लं असलेल्या वाघिणीच्या वावराच्या जागा मॉडेलमध्ये घ्यायच्याच नाहीत, असं ठरलं. घेतली ती गावाची वहिवाटीची, सगळ्यांना ठाऊक असलेली जागा. वाघांचे फोटो त्या जागेशी जोडलेले नाहीत, ते इतर ठिकाणचे आणि इतर वर्षांचे आहेत, आणि तसं पडद्यावर लिहिलेलं आहे. फाईल शाळेबाहेर जात नाही. या लेखात गावाचं नाव नाही ते याचसाठी.

गाईड मंडळी यावर अजूनही नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. पर्यटकाला पाणवठ्यावरचा वाघच बघायचा असतो. मोहाचा पट्टा आणि करडे डाग बघायला कोण पैसे देणार, हा त्यांचा सवाल आहे. त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं तर छायाचित्रांना थोडी खोली देऊन, पुढचा आणि मागचा थर वेगळा करून, किंचित हलणारं दालन करता येईल. एका फोटोवरून खोलीचा अंदाज बांधणारी एआय साधनं आता चांगली झाली आहेत आणि त्यात जागा ओळखू येण्याचा धोका कमी आहे. ते काम झालेलं नाही.

बायकांची अट

प्रात्यक्षिकासाठी डोक्याला लावायचा चष्मा एकदा मागवला होता, तो परत केला. एकीला गरगरलं म्हणून नव्हे. चष्मा लावला की एकच बाई बघते आणि बाकीच्या गप्प बसतात म्हणून. भिंतीवर दाखवलं की एक मुलगी माउस धरते आणि बायका तिला हाका मारतात : थांब, मागं फिर, आता बस, आता उठ. कळ दाबली की नजर पाच फुटांवरून अडीच फुटांवर येते आणि डावीकडचा सगळा नाला नाहीसा होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणत्या झाडाखाली बसून पाठीमागचं काहीच दिसत नाही, राखण करणारीने कुठे उभं राहायचं, कोणत्या बाजूचं रायमुनिया हंगामाआधी कापून घ्यायला हवं, याची चर्चा त्यांनी आपसात केली. राखण ठेवायची पद्धत त्यांच्यात आधीपासून होती. फरक इतकाच की राखणदारीण आतापर्यंत सावली बघून उभी राहायची.

रायमुनिया कापण्याचा अर्ज समितीमार्फत गेला आहे. हल्ले कमी झाले, असा दावा मी करणार नाही. एका गावाच्या एका हंगामावरून तसं म्हणणं खोटेपणाचं होईल.

बायकांनी एक अट घातली आणि ती ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतली. हे मॉडेल दाखवून, बघा किती धोका आहे, असं म्हणत कुणी मोहफुलं वेचायला जाणं बंद करायचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क मान्य केलेला आहे. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, ती गोष्ट इकडे घरोघरी माहीत आहे. "आमाले जानंच आहे," त्या वयस्क बाई म्हणाल्या, "कसं जायचं ते सांगा." तंत्रज्ञानाने ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तो प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

आता कुठे आहे

मॉडेल एका हंगामाचं आहे. जूनमध्ये पाऊस पडला की हाच पट्टा ओळखू येत नाही. गवत कमरेला लागतं आणि अडीच फुटांची भिंत चार फुटांची होते. पावसाळ्यात तिथे फारसं कुणी जात नाही, म्हणून ते दृश्य मागे ठेवलं आहे. आधी मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा पट्टा घ्यायचा आहे. तेंदू तोडताना माणूस झुडपापाशी वाकतो, पुढे सरकतो, पुन्हा वाकतो, आणि गट पांगत जातो. मोहाखाली एका जागी बसलेल्या नजरेसाठी जी पद्धत बसवली ती सरकत्या नजरेला पुरणार नाही, फोटो झाडाभोवती न काढता वाटेने काढावे लागतील. पाच फुटांची काठी शाळेच्या कपाटात आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे, आणि या वेळी फोटो काढायला पीआरटीच्या पोरांबरोबर बचत गटातल्या तिघी येणार आहेत, कारण कुठे वाकायचं ते त्यांनाच ठाऊक आहे.